तेलकट कागद

आज रविवार नाही, तरी कांदा चिरायला घेतला.
बारीक. पोह्यांना चिरतो त्याहून बारीक.
ढोबळी मिरची हडपसरच्या मंडईतली,
लसूण आठ पाकळ्या, ठेचून,
आणि पानओव्याची चार पानं
गॅलरीतल्या त्या कुंडीतून,
जिला ह्यांच्यामागेही मी पाणी घालत आले.
का, ते विचारू नका.

हे साखरेतले माणूस.
सत्त्याऐंशी साली क्यूबात गेले, सात महिने,
तिथल्या कारखान्याचे पॅन बघायला.
येताना लोकांनी काय काय आणलं असतं.
ह्यांनी आणली कांदा परतायची एक पद्धत
आणि वहीत दुमडलेला एक कागद,
बाईच्या अक्षरातला.

ओदालिस. घरमालकीण, म्हणाले.
वय?
असेल, म्हणाले.

मग दर रविवारी ओट्याचा ताबा ह्यांचा.
ऑलिव्हचं तेल तेव्हा औषधाच्या दुकानात मिळायचं,
एवढ्याशा बाटलीत, ग्राइप वॉटरच्या शेजारी.
म्हणून शेंगदाण्याचं.
कांदा मंद आचेवर. इतका मंद
की माझं धुणं वाळत घालून व्हायचं
आणि तो अजून काचेसारखाच.
मी म्हणायची, गॅस काय फुकट येतो?
हे झाऱ्याने कढईची कड निरपत म्हणायचे,
'सोफ्रितो.'
जसं काही ते उत्तर होतं.

कारखान्याच्या वहीत, उसाच्या उताऱ्याखाली,
ह्यांच्या नोंदी:
कांदा, एकतारीच्या जरा अलीकडे.
मिरची, हिरवेपणा मरेपर्यंत.
टोमॅटो घातल्यावर
तेल कडेने पुन्हा दिसले की थांबावे.

मी खायची. राजम्यात, भातात,
एकदा तर पिठल्यात.
पण चांगलं झालंय, असं
तोंडातून काढलं नाही.
त्या कागदाला मी काय म्हणून शाबासकी द्यायची?
उलगडलाही नाही कधी. एवढा मान माझ्यात होता.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरची शाल्मली
(स्पॅनिश शिकते, विरजण मागायला येते)
तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, वाच,
असेल ते वाच, मला पंच्याहत्तर झाली आता.

कांदा, वाचत गेली ती, मिरची, लसूण, जिरं...
जिरं?
हो आजी, कोमीनो. जिरंच.
मग थांबली. कागद उजेडाकडे धरला.
वर नाव आहे, म्हणाली. सेन्योरा बात्साला.
म्हणजे तुम्ही ना? वत्सला?

'सेन्योरा बात्साला,
तुमचा नवरा माझ्या चुलीपाशी उभा राहतो,
वास घेतो आणि तुमचं नाव घेतो.
हे तुम्हाला. घाई करू नका.'

नाव घेतो.
ह्या घरात 'अगं'च्या पुढे कधी न गेलेला माणूस.

शाल्मली विरजण न घेताच वर गेली.

म्हणजे पत्र माझं.
माझं पत्र उघडून, कुणाकडून तरी समजून घेऊन
ह्यांनी स्वतःच करायला घेतलं, माझ्याऐवजी,
आणि मी टेबलाशी बसून तीस वर्षं
माझ्याच नावाच्या कागदावर रुसले.
सांगायला काय झालं होतं?
विचारायला काय झालं होतं, म्हणतील.

टोमॅटो पडला. चरचरला, गप्प झाला.
हात सवयीने हिंगाच्या डबीकडे गेला,
परत आणला.
जिरं भाजून खलबत्त्यात घातलं, दोन ठोके.

ओदालिसबाई, तुम्ही आहात की नाही ठाऊक नाही.
तुमच्याकडे वीज जाते म्हणे.
इथेही आत्ताच गेली, पंखा थांबलाय,
वास हलत नाही जागचा.
तेल दिसायला लागलंय, एका कडेला, थोडंसं.
झारा खाली ठेवलाय.
थांबलेय.